वडील गेल्यावर जेवण-झोप उडाली आहे, पोळी गिळवत नाही, पहाटे जाग येते. ठाण्यात राहतो, घरी आईला बीपी-शुगर आहे. काय करावं?

तेरावं झालं, पाहुणे परतले की घर एकदम रिकामं होतं. खाणं-झोप बहुतेकदा तेव्हाच कोलमडतं. तुम्हाला पोळी गिळवत नाही ना, मग ताट वाढून बसूच नका. दर तीन तासांनी वाटीभर काहीतरी पोटात जाऊ द्या: मऊ भात-मेतकूट-तूप, पेज, नाहीतर ताक. भुकेची वाट बघू नका, ती काही दिवस कळतच नाही. घड्याळ बघून खा. नुसत्या चहावर दिवस काढला की पित्त खवळतं आणि झोप आणखी उशिरा लागते. शेवटचा चहा दुपारी ३ ला.

पहाटे जाग आली आणि वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही, तर उठून बाहेरच्या खोलीत मंद दिव्यात बसा. मोबाईल नको, बाबांचे फोटो उघडले की तिथेच उजाडतं. सकाळच्या उन्हात मात्र तलावपाळीला, म्हणजे मासुंदा तलावाकाठी, एक फेरी माराच, आईलाही न्या.

आईच्या बीपी-शुगरच्या गोळ्या वारांच्या डबीत भरून ठेवा. अशा दिवसांत डोस चुकतो, किंवा घेतलेला आठवत नाही म्हणून दुसऱ्यांदा घेतला जातो. शुगरच्या काही गोळ्यांच्या बाबतीत हे जास्त धोक्याचं, साखर एकदम उतरते.

बँक, नॉमिनी, सोसायटी यांपैकी दिवसाला एकच काम, तेही खाऊन निघाल्यावर. मृत्यूच्या दाखल्याच्या झेरॉक्स द्या, मूळ दाखला फक्त पडताळणीला दाखवा आणि सांभाळून परत आणा. अशा वेळी कागद हमखास रिक्षात राहतात.

जीव नकोसा वाटला तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला लगेच फोन करा: १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलतात.