कारगिल विजय दिवसासाठी मुलांकडून कागदाचं पुष्पचक्र कसं करून घ्यावं?

२६ जुलैला शहीद जवानांसाठी सहावीच्या मुलांकडून कागदाचं काहीतरी करून घ्यायचंय, काय करू, असं तुम्ही विचारलंय. मी सातारा जिल्ह्यात चित्रकला शिकवते. आमच्याकडे दरवर्षी कागदी झेंडूचं पुष्पचक्र होतं, तेच करा म्हणेन. इंग्लंडमध्ये यासाठी कागदाची लाल पॉपी छातीवर लावतात. आपल्याला झेंडूच जवळचा. दसऱ्याला दारावर तोच, आणि शेवटच्या हारातही तोच.

क्रेप पेपर मात्र घेऊ नका. पहिल्या वर्षी मी घेतला होता. फुलं दिसायला सुरेख झाली, पण चक्र वाहिलं आणि पावसाची भुरभुर आली. क्रेपचा रंग सुटून स्मारकाच्या पांढऱ्या दगडावर केशरी ओघळ उतरले. मला रडूच आलं. मुलांनी रुमाल काढून दगड पुसायला घेतला आणि पुसता पुसता एकेक नाव मोठ्याने वाचू लागली. तोवर त्या दगडावर नावं आहेत हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. तेव्हापासून आम्ही एका फुलाला एक नाव देतो.

झेरॉक्सच्या दुकानात मिळतो तो रंगीत ए-फोर कागद घ्या, पिवळा आणि केशरी. लांबीच्या बाजूने ३ सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापा, एका कागदात सात निघतात. दोन पट्ट्या टोकाला चिकटवून एक लांब पट्टी करायची. तिला एका कडेने २ सेंटिमीटर खोल, अगदी जवळजवळ कात्रे द्यायचे, खालचा १ सेंटिमीटर अखंड ठेवायचा. मग घट्ट गुंडाळायची, बुडाशी खळ किंवा फेव्हिकॉल लावून दोरा बांधायचा. पूर्ण वाळल्यावरच पाकळ्या बोटांनी बाहेर वळवा, घाई केली की फूल सुटतं. पुठ्ठ्याचं कडं बाहेरून ४५ आणि आतून २५ सेंटिमीटर व्यासाचं कापा, दोन ओळींत चाळीस-पंचेचाळीस फुलं बसतात. खोक्याचा जाड पुठ्ठा दुहेरी चिकटवा, नाहीतर वाकतो. चमकी नको. तिरंग्याची पट्टीही नको, राष्ट्रध्वज सजावटीला वापरायचा नसतो.

आता नावांचं. कारगिलच्या युद्धात ५२७ जवान शहीद झाले. तेवढी फुलं एका वर्गाने करू नयेत, हात नुसते यंत्रासारखे चालतात. आपल्या तालुक्यातली नावं घ्या, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. घरचे लोक गावात असतील तर आधी भेटून त्यांची परवानगी घ्या आणि नाव ते लिहितात तसंच लिहा, काना-मात्रेसकट. मुलाने ते आपल्या हाताने चिठ्ठीवर लिहून फुलाच्या बुडाशी बांधायचं.

मी याबाबत एवढी हट्टी का, तेही सांगते. आमच्या जिल्ह्यातल्या अपशिंगे या एका गावचे ४६ जण पहिल्या महायुद्धात मरण पावले. या भागातल्या कित्येक गावांत त्या युद्धाची पाटी आहे. तिच्यावर गावातून किती गेले आणि किती मेले, एवढा आकडा असतो. नाव एकही नसतं.

कार्यक्रम झाला की चक्र उघड्यावर ठेवू नका, शाळेच्या व्हरांड्यात टांगा. आम्ही १५ ऑगस्टनंतर ते सोडवतो आणि ज्याने जे फूल केलं, त्याला ते चिठ्ठीसकट घरी देतो.