घामाच्या वासावर आधी चहा करून बघ

अरे, ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. काखेतले जिवाणू घामातून वास तयार करतात. म्हणून नुसतं अत्तर मारून भागत नाही. पायाच्या तळव्यांना घाम येत असेल तर काळा चहा चांगला कडक उकळ (दूध-साखर अर्थातच नको!) आणि कोमट झाला की रोज २० मिनिटं पाय बुडवून बस. त्यातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, कातडी आवळतं. आठवडाभर तरी कर, दोन दिवसांत कंटाळू नकोस. आंघोळीला नागरमोथा-वाळ्याचं चूर्ण उटण्यासारखं लाव. वास सुधारतो, घाम थांबत नाही. लिंबू मात्र चोळू नकोस, उन्हात गेलास की चट्टे उठतात. मी भोगलंय. झोपेत अंग भिजत असेल किंवा वजन उतरत असेल तर सरळ डॉक्टर गाठ.