‘स्नॅपशॉट घेतलाय ना, मग बॅकअप कशाला?’ : व्हर्च्युअल मशीनबद्दल तुमचे प्रश्न

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून ‘जुनं विंडोज नव्या मशीनच्या आत चालेल का’ आणि ‘विंडोज न काढता लिनक्स बघता येईल का’ हे दोन प्रश्न फिरून फिरून येतायत. येतं की. व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएमवेअर ही सॉफ्टवेअर त्यासाठीच आहेत, चालू कॉम्प्युटरच्या आत एक व्हर्च्युअल मशीन म्हणजे व्हीएम बनवायचं आणि दुसरी सिस्टिम त्यात टाकायची. पुढचे सगळे प्रश्न त्यातलेच.

लॅपटॉपला ८ जीबी रॅम आहे. लिनक्स चालेल का? (मुलुंड)

चालेल. व्हीएमला ४ जीबीच्या वर देऊ नका, आणि लॅपटॉपमध्ये एसएसडी नसेल तर आधी ती टाका.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये ६४-बिटचा ऑप्शनच दिसत नाही. दुकानदार म्हणतो मदरबोर्ड जुना झालाय, नवीन घ्या. (कांदिवली)

घेऊ नका! टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा, तिथे व्हर्च्युअलायझेशनपुढे ‘डिसेबल्ड’ लिहिलेलं असणार. बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडणारी सेटिंग्ज) जाऊन ते चालू करायचं, इंटेलमध्ये व्हीटी-एक्स किंवा व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी असं नाव असतं, एएमडीमध्ये एसव्हीएम. पैसे लागत नाहीत. फक्त बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असेल तर बायोसला हात लावायच्या आधी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, नंतर मशीन ती मागू शकतं. बायोसची भीती वाटत असेल तर जाणकार माणूस शेजारी बसवा, पण तो दुकानदार नको.

गिरगावात आमची छोटी प्रेस आहे. लग्नपत्रिकांचं जुनं डीटीपी सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीवरच चालतं म्हणून मुलाने ते व्हीएममध्ये टाकून दिलं. तो दर आठवड्याला स्नॅपशॉट घेतो. वेगळा बॅकअप लागतो का?

लागतो! हे मी इतक्या जणांना सांगितलंय की आता चिडचिड होते, तरी परत सांगतो. स्नॅपशॉट म्हणजे व्हीएम त्या क्षणी जसं आहे तसं टिपून ठेवणं, परत तिथे येता यावं म्हणून. तो बॅकअप नाही. स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्कची फाइल तिथल्या तिथे गोठते आणि त्यानंतरचे बदल दुसऱ्या फाइलमध्ये लिहिले जातात, पुढचा घेतला की तिसऱ्या, अशी साखळी वाढत जाते. चालू व्हीएम या सगळ्या फाइल्स मिळून बनतं, त्यामुळे मधली एक जरी खराब झाली तरी तिच्यापुढचं काम गेलं. आणि या सगळ्या फाइल्स आहेत कुठे, तर त्याच कॉम्प्युटरच्या त्याच डिस्कवर! पोथीत खूण घालून ठेवलीत, पण पोथीच भिजली तर खूण घेऊन काय करणार? तळमजल्यावरच्या प्रेसवाल्यांना २६ जुलै २००५ आठवत असेलच, तेव्हा मी जास्त बोलत नाही.

दर आठवड्याला स्नॅपशॉट घेताय म्हणजे साखळी बरीच लांबली असणार, डिस्क भरत आली असणार, आणि एक दिवस कोणीतरी ‘या मोठ्या मोठ्या फाइल्स कसल्या’ म्हणून फोल्डरमधून उडवणार. तसं कधीही करू नका, जुने स्नॅपशॉट व्हर्च्युअलबॉक्समधूनच डिलीट करायचे, म्हणजे ते नीट मर्ज होतात. त्याला मोकळी जागा लागते आणि वेळही लागतो, मध्येच बंद करायचं नाही. आणि हे सगळं आधी एक कॉपी बाहेर काढून झाल्यावरच.

बॅकअप असा घ्या. व्हीएम पूर्ण शटडाउन करा, नुसतं सेव्ह नाही. मग त्याचं अख्खं फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा, किंवा एक्स्पोर्ट अप्लायन्स करून ओव्हीए फाइल बनवा (त्यात आत्ताची स्थितीच येते, जुने स्नॅपशॉट येत नाहीत). ती डिस्क प्रेसमध्ये नाही, घरी ठेवायची. आणि एकदा तरी दुसऱ्या कॉम्प्युटरवर ते उघडून पत्रिका प्रिंट होते का बघा, न उघडून पाहिलेला बॅकअप मी धरतच नाही. सॉफ्टवेअरला डाँगल (यूएसबीला लावायची लायसन्सची किल्ली) असेल तर तेही लावून बघा, कारण डाँगल मेलं तर सगळ्या कॉपीज असून उपयोग नाही, त्याबद्दल सॉफ्टवेअर कंपनीशी आत्ताच बोला. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच संपलाय तेव्हा त्या व्हीएमचं नेटवर्क बंदच ठेवा. ‘बघू दिवाळीनंतर’ नको, तुळशीचं लग्न लागलं की तुम्हाला श्वास घ्यायला वेळ नसतो. मुलाला जमत नसेल तर माहितगार माणसाला पैसे देऊन बसवा, डेटा रिकव्हरीवाल्यापेक्षा तो स्वस्त पडेल.

मुलीला एम सिरीजचा मॅक घेतोय, कॉलेजला विंडोजची सॉफ्टवेअर लागतील. सेल्समन म्हणाला व्हीएममध्ये सगळं चालतं. (पार्ले)

सगळं नाही. त्या मॅकचा प्रोसेसर एआरएम प्रकारचा आहे, त्यावर व्हीएममध्ये विंडोज ११ ची एआरएम आवृत्तीच नीट चालते. ती नेहमीची बरीच सॉफ्टवेअर आतल्या आत भाषांतर करून चालवते, पण एखाद्या यंत्राचा किंवा डाँगलचा जुना ड्रायव्हर लागला की अडतं. कॉलेजकडून सॉफ्टवेअरची यादी लेखी घ्या, मग पैसे भरा.

लॅमिंग्टन रोडवर पाचशे रुपयांत ‘लाइफटाइम’ विंडोज की मिळते, ती व्हीएमला चालेल ना? (परळ)

अॅक्टिव्हेट होईलही, पण लायसन्स विकत घेतलं असं होत नाही, आणि अशी की कधी बंद पडेल याची खात्री नाही. व्हीएममधल्या विंडोजला वेगळं लायसन्स लागतं, लॅपटॉपबरोबर आलेलं त्या लॅपटॉपपुरतंच असतं. नुसतं शिकायचं असेल तर लिनक्स टाका, फुकट आहे. धंद्यासाठी हवं असेल तर अधिकृत विक्रेत्याकडून बिल घेऊन घ्या.

व्हीएममध्ये व्हायरस आला तरी बाहेर येत नाही असं ऐकलंय, खरं का? (भांडुप)

कोणाकडून ऐकलंत? शेअर्ड फोल्डर, म्हणजे व्हीएम आणि बाहेरचा कॉम्प्युटर दोघांना दिसणारं फोल्डर, चालू असेल तर रॅन्समवेअर (फाइल्स लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) त्या वाटेने तुमचे बाहेरचे फोटोही लॉक करेल, आणि भिंत ओलांडायच्या चुका या सॉफ्टवेअरमध्येही सापडतात, म्हणून तर अपडेट येतात. बँकेच्या नावाने आलेली संशयास्पद अटॅचमेंट उघडूनच बघायचं असेल तर बघू नका, बँकेला फोन करा.

ऑफिसच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स टाकलं तर चालेल का? फुकटच आहे ना? (अंधेरी)

मूळ सॉफ्टवेअर फुकट आहे, पण त्याबरोबरचा एक्स्टेन्शन पॅक (जास्तीच्या सोयींचा वेगळा भाग) फक्त खासगी वापरासाठी आणि शिक्षणासाठी फुकट असतो, ऑफिसात तो वापरला की लायसन्स घ्यावं लागतं, आणि हे बहुतेकांना सॉफ्टवेअरवाल्यांकडून ऑफिसला विचारणा आल्यावर कळतं. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो नोव्हेंबर २०२४ पासून ऑफिस वापरालाही फुकट झालंय. पण कुठलंही टाकायच्या आधी आयटीला विचारा, तेही मेलवर.