पडवीतली खुर्ची आणि पूर्वेची खिडकी

चि. यास अनेक उत्तम आशीर्वाद.

मुंबईची खोली सोडून यापुढे गुहागरच्या घरातूनच कंपनीचे काम करायचे आणि नव्या वर्षात एसी, मऊ आरामखुर्ची व टेबलाशेजारी छोटा फ्रिज घ्यायचा, हा तुझा बेत वाचून बरे वाटले. पण कंबर धरते आणि झोप लागत नाही हेही त्याच पत्रात आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आरामाला माझा विरोध नाही. विहिरीचे पाणी शेंदून माझ्या आईचे खांदे निकामी झाले होते. रहाटाचे गोडवे गाणाऱ्यांनी तो महिनाभर ओढून पाहावा. मात्र माजघर, पडवी, खळे, न्हाणीघर अशा जुन्या घरात माणूस दिवसातून पन्नासदा नकळत उठत असे, आणि तुझ्या बेतात ते उठण्याचे कारणच उरत नाही. निवृत्तीनंतर मीही हेच केले. पडवीत खुर्ची टाकली, चहा, वर्तमानपत्र, फोन सगळे हाताशी घेतले आणि दोन वर्षांत रक्तातली साखर वाढवून बसलो. खुर्ची अजून तिथेच आहे. पाण्याचा तांब्या मात्र स्वयंपाकघरात असतो. तेव्हा खुर्ची अवश्य घे, फ्रिज टेबलापासून लांब ठेव. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रम सुचवते. बागेतला पातेरा गोळा करणे आणि माडांना पाणी लावणे त्यात धरायला हरकत नाही.

एसीची घाई करू नकोस. खारे वारे आणि मतलई वारे मी तुला शाळेत शिकवले होते, ते परीक्षेपुरतेच राहिले असे दिसते. दुपारी समुद्रावरून येणारा वारा दमट असतो. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा उलट, जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. त्यामुळे जानेवारीत झोपताना पूर्वेची खिडकी, जाळी लावून, उघडी ठेवलीस तर सह्याद्रीकडची कोरडी गार हवा फुकट मिळेल आणि पावसाळ्यापासून जांभ्याच्या भिंतीत मुरलेली ओलही उतरेल. बंद खोलीत ती ओल कपाटातल्या कपड्यांना बुरशी आणते आणि श्वासालाही बाधते. एप्रिल-मेच्या उकाड्यात एसी लाव, पण 24 अंशांवर; 2020 पासून नव्या यंत्रांत मूळ तापमान तेच ठरवलेले असते.

जेवणाबद्दल तुझ्या आईपुढे मी काय बोलणार? सुक्या मासळीसोबत लोणचे घेऊ नकोस, इतकेच.

एक खर्च मात्र तुझ्या यादीत नाही. आजीच्या न्हाणीघरात भिंतीला धरायचा दांडा आणि तिथवरच्या वाटेवर रात्रीचा दिवा हवा. ते काम याच महिन्यात उरकून घे. मार्चमध्ये आंबा सुरू झाला की गवंड्याच्या हाताखाली माणूस मिळणार नाही.

तुझा,
गुरुजी