कायद्याच्या अभ्यासाला सोलोव्योव कशाला?

तुमचा प्रश्न असा की रशियन धार्मिक तत्त्वज्ञ देव आणि प्रेमाबद्दल बोलतात, मग आज लॉ करणाऱ्याने ते का वाचावेत. बाकीचे राहू देत, पण व्लादिमीर सोलोव्योव वाचाच, त्यातही त्याचं १८९७ चं कायदा आणि नीतीवरचं लिखाण.

त्याच्या मते कायदा म्हणजे चांगुलपणाचा किमान वाटा, जो सक्तीने वसूल करता येतो. पृथ्वीवर स्वर्ग आणणं हे कायद्याचं काम नाहीच, वेळेआधी नरक होऊ दिला नाही तरी पुष्कळ. टॉलस्टॉय तेव्हा कोर्ट, तुरुंग सगळंच अनैतिक म्हणून नाकारत होता, त्यावर सोलोव्योवचं म्हणणं की खुन्याचं मन सुधारेपर्यंत थांबायचं तर तोवर मरणाऱ्यांचं काय?

पण मला खरं मोल वाटतं ते पुढच्या भागाचं, कारण हीच किमानची अट तो सरकारलाही लावतो. सगळ्यांच्या भल्यासाठी एखाद्याच्या स्वातंत्र्यावर मर्यादा घाला, पण माणूसच संपवलात तर मर्यादा कुणावर घातली? म्हणून फाशी त्याच्या लेखी कायद्याच्या मुळावरच येते. आणि हे तो नुसतं लिहून थांबला नाही, जुन्या रशियन कॅलेंडरप्रमाणे १ मार्च १८८१ ला झार दुसरा अलेक्झांडर बॉम्बहल्ल्यात मारला गेला आणि त्याच महिन्याच्या शेवटी सोलोव्योवने पीटर्सबर्गला भर व्याख्यानात सांगितलं की नव्या झारने मारेकऱ्यांना माफ करावं. एप्रिलमध्ये पाच जण फासावर गेले, आणि सोलोव्योवचं विद्यापीठातलं करिअरही फार टिकलं नाही.

दुसरा मुद्दा, माणसासारखं जगता येण्याचा हक्क. सोलोव्योवने तो नीतीच्या बाजूने मांडला आणि रशियन कायदेतज्ज्ञ पावेल नोव्हगोरोद्त्सेव्हने कायद्याच्या चर्चेत आणला, की उपाशी माणसाला नुसतं कागदावरचं स्वातंत्र्य पुरत नाही. रशियाच्या १९९३ च्या राज्यघटनेत कलम ७ मध्ये लोकांना सन्मानाने जगता येईल अशी परिस्थिती निर्माण करणं हे राज्याचं धोरण म्हणून लिहिलंय. ते थेट यांच्याकडूनच आलं असा माझा दावा नाही, पण विचार त्याच वळणाचा आहे.

त्याच काळातला रशियन कायदेतज्ज्ञ बोरिस चिचेरिन याने सोलोव्योववर केलेली टीकाही सोबत वाचा. तो म्हणतो, चांगुलपणा एकदा सक्तीचा केला की सरकार लोकांच्या सदसद्विवेकबुद्धीत हात घालणार. भीती रास्तच आहे, पण सोलोव्योव 'किमान' म्हणतो ते याचसाठी असं माझं मत, फक्त ते किमान कुणी ठरवायचं हे त्याने पुरेसं सांगितलेलं नाही आणि आजचे सामाजिक हक्कांचे खटलेही तिथेच अडतात. सुरुवात त्याच्या गुन्हा आणि शिक्षेवरच्या प्रकरणापासून करा, धर्माचा भाग नंतर वाचलात तरी चालेल.