वॉर्डातले करडे सर आणि उनाड शिकाऊ डॉक्टर

रुग्णालयातील विनोदाविषयी गेल्या अंकात ओझरता उल्लेख केला होता. त्यावर इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्याच विषयाला देत आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : मी हौशी रंगभूमीसाठी दोन अंकी विनोदी नाटक लिहिले आहे. शल्यविभागाचे प्रमुख अतिशय कडक असून त्यांच्या हाताखालचे चार आंतरवासी (इंटर्न) डॉक्टर कमालीचे उनाड आहेत. मुले प्रमुखांना पदोपदी फसवतात आणि त्यांच्या ते लक्षातही येत नाही. वाचनाच्या वेळी पहिल्या अंकाला भरपूर हशा मिळाला. दुसऱ्या अंकातही संवाद तितकेच चुरचुरीत आहेत, तरी मंडळी गप्प बसली. असे का झाले असावे?

उत्तर : आपल्या पत्रातील ‘लक्षातही येत नाही’ या शब्दांतच उत्तर आहे, असे मला वाटते. ज्याला काही कळतच नाही अशा माणसाचा धाक फार तर एक अंकभर टिकतो. पुढे मुलांचे काय होणार याची प्रेक्षकाला काळजी वाटेनाशी होते, आणि काळजी संपली की हसूही आटते. करड्या प्रमुखाच्या आवाजात, ऐटीत आणि संतापात वाटेल तेवढी अतिशयोक्ती करावी, परंतु त्याने जिच्यावर बोट ठेवले ती चूक खरी असली पाहिजे. ‘मुन्नाभाई एमबीबीएस’ या २००३ च्या चित्रपटात बोमन इराणी यांनी रंगवलेले डॉ. अस्थाना राग आवरण्यासाठी हसत सुटतात. लकब हास्यास्पद आहे. पण त्यांना वैद्यक येत नाही, असे आपल्याला एकदाही वाटत नाही.

आणखी जुने उदाहरण रिचर्ड गॉर्डन यांच्या १९५२ च्या ‘डॉक्टर इन द हाउस’ या कादंबरीवर १९५४ मध्ये निघालेल्या ब्रिटिश चित्रपटाचे. त्यात जेम्स रॉबर्टसन जस्टिस यांनी सर लान्सलॉट स्प्रॅट हा गडगडाटी शल्यचिकित्सक उभा केला. राउंडवर तो एका तंद्रीत हरवलेल्या विद्यार्थ्याला, रक्त किती वेळात थांबते हे पाहण्याच्या चाचणीचे नाव घेऊन, ती वेळ विचारतो. विद्यार्थी घड्याळात किती वाजले आहेत ते सांगतो. त्या चाचणीच्या ‘ब्लीडिंग टाइम’ या नावातला ‘ब्लीडिंग’ हा शब्द इंग्रजीत शिवीसारखाही वापरतात, त्यामुळे मुलाला आपल्याला वेळच विचारली गेली असे वाटते. ही कोटी मराठीत येणार नाही आणि ओढूनताणून आणूही नये. घेण्यासारखी आहे ती तिची घडण : सरांचा प्रश्न वैद्यकाच्या दृष्टीने रास्त आहे, आणि मुलाने जो प्रश्न ऐकला त्याला त्याचे उत्तरही अचूक आहे.

आपल्या भाषेत अशी जागा शोधायला लांब जावे लागत नाही. मी आंतरवासी असताना हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेल्या एका गृहस्थांना सकाळी सहा वाजता विचारले, “काका, काही खाल्लं नाही ना?” ते म्हणाले, “छे, काही नाही.” मी केसपेपरवर ‘उपाशी’ असे ठसठशीत अक्षरांत लिहून मोकळा झालो. आठ वाजता सर आले. त्यांनी केसपेपर वाचला, काकांच्या उशाशी असलेल्या कपाकडे पाहिले आणि अतिशय मऊ आवाजात विचारले, “आज सकाळपासून तोंडात काय काय गेलं?” काका उत्तरले, “दोन कप चहा घेतला. पण डॉक्टरसाहेबांनी खाण्याचं विचारलं होतं, ते मी काहीच खाल्लं नाही.”

भूल देण्यापूर्वी पोट रिकामे लागते, कारण भुलेखाली पोटातले वर येऊन फुप्फुसात उतरू शकते. अमेरिकन डॉक्टर मेंडेल्सन यांनी १९४६ मध्ये या धोक्याचे सविस्तर वर्णन केले. घन आहारानंतर किमान सहा तास आणि पाण्यासारख्या स्वच्छ द्रवानंतर दोन तास थांबावे, असा सर्वसाधारण नियम आहे, आणि दुधाचा चहा स्वच्छ द्रवांत मोडत नाही. काकांचा नंबर यादीच्या शेवटी गेला आणि सरांचा सगळा दिवस विस्कटला. ते मला म्हणाले, “डॉक्टर, हे गृहस्थ खोटं बोलले का? नाही. तुम्ही खोटं लिहिलंत का? तेही नाही. मग चूक कोणाची, व्याकरणाची?” सबंध वॉर्ड हसला, काका सर्वांत जास्त हसले.

हा प्रसंग आपण खुशाल घ्यावा. काकांना इजा झाली नाही, फक्त चार-सहा तास थांबावे लागले. विनोदी नाटकातल्या वैद्यकीय चुकीची किंमत एवढीच असावी आणि ती शक्यतो सरांच्या वेळापत्रकाने चुकती करावी. आपल्या दुसऱ्या अंकात मुलांनी अपेंडिक्सच्या रुग्णाची आणि दुसऱ्या कोणाची तरी कागदपत्रे मुद्दाम अदलाबदल केली आहेत. तिथे मंडळी गप्प बसली याचे मला नवल वाटत नाही. ते वाचताना मलाही हसू आले नाही, घाम फुटला.

प्रश्न : मी परिचारिका आहे. अशा नाटका-चित्रपटांत आम्हाला फक्त तरुण डॉक्टरांनी मागे लागण्यासाठी का ठेवलेले असते?

उत्तर : लेखकाने वॉर्डात चार दिवस काढलेले नसतात, म्हणून. प्रत्यक्षात नव्या आंतरवासीला सरांपासून वाचवण्याचे काम आपणच करता. औषधाची मात्रा चुकीची लिहिलेली दिसली, तर अनुभवी सिस्टर ‘चुकले’ असे म्हणत नाहीत. त्या विचारतात, “डॉक्टर, मागच्या पेशंटला आपण याच्या निम्मं दिलं होतं, नाही का?” वाक्य प्रश्नार्थक आणि आशय आज्ञार्थी. मुलगा लगबगीने खाडाखोड करतो, सर येतात, आणि मात्रा बरोबर असली तरी त्यांना खाडाखोड दिसते. सरांना ठाऊक असते की हे सिस्टरांचे काम, सिस्टरांना ठाऊक असते की सरांना ते कळले आहे, आणि फक्त मुलाला वाटत असते की आपण सुटलो. हे तीन कोन ज्याच्या नाटकात आहेत, त्याला मागे लागण्याचे प्रसंग लिहावे लागत नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी निवासी डॉक्टर आहे. शिकाऊ डॉक्टर उभ्या उभ्या झोपतात, यावर लोक हसतात तेव्हा मला हसावे की रडावे कळत नाही. हे खरोखर इतके असते का?

उत्तर : असते. ‘निवासी’ हा शब्दच मुळात शब्दशः खरा होता. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय १८८९ मध्ये सुरू झाले आणि तेथे विल्यम हॉलस्टेड यांनी शल्यचिकित्सकांच्या प्रशिक्षणाची जी पद्धत रुजवली, तीत शिकणारा डॉक्टर रुग्णालयातच राहत असे आणि सदैव हाताशी असे. करड्या प्रमुखाच्या साच्याला या हॉलस्टेड यांचा मोठा हातभार आहे. गंमत अशी, आणि ही गंमत कडवट आहे, की कोकेनने जागा बधिर करण्याचे प्रयोग स्वतःवर करताना ते स्वतःच त्या व्यसनात सापडले होते. पुढे १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात एका १८ वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला. थकलेल्या, पुरेशी देखरेख नसलेल्या शिकाऊ डॉक्टरांचा प्रश्न त्यातून ऐरणीवर आला आणि १९८९ मध्ये त्या राज्याने आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली. अमेरिकेतील प्रशिक्षण संस्थांना देशभर अशी मर्यादा लागू व्हायला २००३ उजाडले.

म्हणून झोपेवरच्या विनोदाला माझी एक अट असते. मुलगा जेवताना झोपला, सरांच्या व्याख्यानात झोपला, जिन्यात कठड्याला टेकून झोपला, तर जरूर हसावे. रुग्ण वाट पाहत असताना झोपला, तर तो प्रसंग विनोदी नाटकात नको. आपल्या मुलीला हे दाखवावे. तिच्याकडे याहून सरस किस्से असतील.

प्रश्न : डॉक्टर नसलेल्याने असे लेखन करूच नये का?

उत्तर : करावे, पण शेजारी एक डॉक्टर बसवावा. गॉर्डन हे टोपणनाव असून लेखक व्यवसायाने भूलतज्ज्ञ होते. त्याच कादंबरीवरून १९६९ मध्ये ब्रिटिश दूरचित्रवाणीवर मालिका सुरू झाली. तिचा पहिला भाग ग्रॅहम चॅपमन आणि जॉन क्लीज यांनी मिळून लिहिला. चॅपमन वैद्यकाचे पदवीधर, क्लीज कायद्याचे. एकाला उत्तरे ठाऊक आणि दुसऱ्याला न लाजता प्रश्न विचारता येतात, अशी जोडी या कामाला फार चांगली.

प्रश्न : एवढे मोठे, गंभीर डॉक्टर तरुणपणी खरेच खोड्या काढत असतील यावर विश्वास बसत नाही.

उत्तर : तरुणपणीच कशाला? रुग्णाच्या खाटेपाशी नेऊन विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी ज्यांचे नाव आदराने घेतले जाते, त्या विल्यम ऑस्लर यांनी १८८४ मध्ये, स्वतः प्राध्यापक असताना, एगर्टन यॉरिक डेव्हिस या काल्पनिक डॉक्टरच्या नावाने एका वैद्यकीय नियतकालिकाला चावट, संपूर्ण बनावट रुग्णकथा पाठवली आणि ती छापूनही आली. तेच ऑस्लर १८९२ मध्ये पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासला गेलेला वैद्यकाचा ग्रंथ लिहितात. करड्या प्रमुखाला मुलांच्या सगळ्या लबाड्या आधीच कळतात त्या का, याचे कारण नाटककारांना इथे आयते मिळेल.

प्रश्न : हसू कुठे थांबावे, याचा काही दंडक आहे का?

उत्तर : लिखित नाही. ‘मॅश’ ही युद्धभूमीवरील शल्यरुग्णालयाची अमेरिकन मालिका १९७२ ते १९८३ या काळात चालली. वाहिनीला ध्वनिमुद्रित हशा हवा होता आणि निर्मात्यांना तो नको होता. अखेर शस्त्रक्रियागृहातील दृश्यांना तो लावायचा नाही, एवढे त्यांनी पदरात पाडून घेतले. डॉक्टर तेथेही विनोद करतात, पण हसण्याची सक्ती आपल्यावर होत नाही. माझ्या मते रेघ बरोबर जागी ओढली गेली.

प्रश्न : (पहिल्याच नाटककारांचे दुसरे पत्र) शेवटी प्रमुख मुलांना जवळ घेतात आणि त्यांचे डोळे पाणावतात, असा शेवट केला आहे. योग्य आहे का?

उत्तर : कृपया नको. दोन तास ताठ उभा असलेला माणूस शेवटच्या पाच मिनिटांत विरघळला, की आधीचा सगळा करडेपणा नाटकी होता असे वाटू लागते. त्यांना करडेच राहू द्यावे. चहाचा प्रसंग आपण पहिल्या अंकात घेतलात, असे धरून सुचवतो. रात्रपाळी आणि त्याला जोडून दिवसपाळी करून तोच मुलगा संध्याकाळी केसपेपर घेऊन उभा आहे. त्याने सगळे अचूक लिहिले आहे आणि सरांना काढायला एकही चूक सापडत नाही, याचा त्यांना मनापासून राग आला आहे. ते कागद परत देतात, त्याच्या चेहऱ्याकडे पाहतात आणि पहिल्या अंकातल्याच मऊ आवाजात विचारतात, “आज सकाळपासून तोंडात काय काय गेलं?” मुलगा आठवू लागतो. त्याला काहीच आठवत नाही. सर सिस्टरांकडे वळून एवढेच म्हणतात, “लिहा. उपाशी.”