प्रिंटर हप्त्यावर घेऊ का? आधी कपाटातल्या 52 मिनी बघा

नमस्कार, आकडे सगळे मोकळेपणाने दिलेत ते फार बरं केलंत, नाहीतर बरेच जण "जरा टाईट चाललंय" एवढंच लिहितात आणि मग काय सांगणार. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमची परिस्थिती थोडक्यात लिहितो. हातात येणारा पगार 100 धरला तर घरभाडं, घरखर्च, मुलाची शाळा यात 80 जातात, कर्जाच्या हप्त्यात 11, उरतात 9. त्या 9 मधले जवळपास 7 दर महिन्याला वॉरहॅमर 40,000 या टेबलावर खेळायच्या युद्धखेळाच्या मिनी (हाताने रंगवायच्या छोट्या सैनिकांच्या मूर्ती), रंग, पुस्तकं यात जातात आणि उरलेल्या 2 मधून क्रेडिट कार्डाचं मिनिमम ड्यू भरलं जातं. कार्डावर 30 थकलेत. अडीअडचणीला बाजूला ठेवलेले पैसे एक महिनाही पुरणार नाहीत. आता तुम्हाला रेझिन प्रिंटर (पातळ रेझिनपासून मिनी बनवणारा 3D प्रिंटर) घ्यायचाय, सोबत वॉश-क्युअर मशीन (प्रिंट धुऊन कडक करणारं) आणि सुरुवातीचं रेझिन धरून 45, ते 12 हप्त्यांत फेडायचे, आणि तुमचा हिशोब असा की विकत आणण्याऐवजी 60 मिनी घरी प्रिंट केल्या की पैसे वसूल. बायको म्हणते सगळं विकून टाका आणि एकदाचं मोकळे व्हा.

माझं मत आधीच सांगतो. प्रिंटर आत्ता नको, हॉबी बंद करायची पण गरज नाही, फक्त कार्ड शून्यावर येईपर्यंत नवीन मिनी एकही नाही.

प्रिंटरचं आधी बोलू कारण खरा मोह तिथे आहे. एका मिनीला रेझिन काही ग्रॅमच लागतं हे अगदी खरं, त्यामुळे कागदावर गणित मस्त दिसतं. पण तुम्हीच लिहिलंय की कपाटात 52 मिनी न रंगवलेल्या पडल्यात आणि मुलगा झोपल्यावर बसून महिन्याला कशाबशा 4 होतात. म्हणजे हातातलाच माल संपायला 13 महिने. त्यानंतर ज्या 60 मिनी प्रिंट करून पैसे वसूल व्हायचेत त्या रंगवायला अजून 15. एकूण 28 महिने झाले, आणि हप्ते तर बाराव्या महिन्यातच संपलेले असतील, म्हणजे प्रिंटरच्या पहिल्या मिनीला ब्रश लागायच्या आधीच तुम्ही त्याचे पूर्ण पैसे भरून बसलेले असाल. 40K ची, म्हणजे वॉरहॅमर 40,000 च्या नियमांची, आठवी एडिशन 2017 ला आली, नववी 2020 ला, दहावी 2023 ला, तीन-तीन वर्षांनी नियम बदलतात, मग आज हौसेने प्रिंट केलेलं युनिट (मिनींची तुकडी) दोन-सव्वादोन वर्षांनी टेबलावर चालेल का हे कोण सांगणार.

शिवाय त्या 45 मध्ये बऱ्याच गोष्टी धरलेल्याच नाहीत. प्रिंटरच्या रेझिनच्या टाकीच्या तळाची फिल्म बदलावी लागते, एलसीडी स्क्रीन कधी ना कधी जातेच, आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं, हातमोजे लागतात, फेल गेलेल्या प्रिंटचं रेझिन फुकट जातं आणि एसटीएल फाईल्सची (ज्यावरून मिनी प्रिंट होतात त्या डिझाईनच्या फाईल्स) मासिक वर्गणी तर हळूच चालू होते आणि बंद करायची राहून जाते. आणि पैशापेक्षा मोठी अडचण जागेची आहे. कच्चं रेझिन कातडीला लागणं चांगलं नाही, वारंवार लागलं तर ॲलर्जी बसते ती जात नाही, वास आणि वाफ बाहेर काढायला सोय लागते, आणि तुम्ही लिहिलंय की रंगकाम झोपायच्या खोलीतल्या टेबलावर चालतं. लहान मूल असलेल्या घरात झोपायच्या खोलीत रेझिन प्रिंटर, याला माझा ठाम नकार आहे, तो कुणी फुकट दिला तरी. आणि गेम्स वर्कशॉपच्या, म्हणजे वॉरहॅमर काढणाऱ्या कंपनीच्या, स्वतःच्या दुकानात खेळायचं तर त्यांच्याच मिनी लागतात, प्रिंट केलेल्या तिथे चालत नाहीत, तेही धरा.

आता सगळं विकायचं म्हणाल तर वहिनींची काळजी शंभर टक्के रास्त आहे, कार्डावर 30 थकलेले असताना काळजी नाही करायची तर कधी करायची. पण विकून हातात काय येईल ते बघा. सीलबंद बॉक्सला आणि स्प्रूवरच (प्लास्टिकच्या चौकटीतून भाग न तोडता) असलेल्या किटला चांगला भाव येतो, सोबत असेंब्लीचा कागद आणि बेस असतील तर अजून बरा, पण अर्धवट चिकटवलेलं आणि जाड रंग चढलेलं जे असतं ते घेणारा फार पाडून मागतो. म्हणून तुमचे जे चार बॉक्स अजून उघडलेले नाहीत ते विका, ते विकताना जीवावर येईल याची मला कल्पना आहे, पण दुसऱ्या आर्मीचे आहेत, पहिली अजून पूर्ण नाही, आणि त्यांच्या पैशांवर तुम्हाला कार्डाचं व्याज भरावं लागतंय. रंगवलेल्या मिनी ठेवा. जे काम तुम्ही रात्री तास-दोन तास बसून करता त्याचा माल आधीच विकत घेतलेला आहे, तो पुढचं वर्षभर पुरणार आहे, इतका स्वस्त विरंगुळा बंद करून वाचणार तरी काय? वाचणार आहेत ते खरेदीचे 7, हॉबीचे नाही, आणि हा फरक घरी नीट बसून समजावून सांगा.

तर महिन्याचे 9 असे वापरा. रंग, ग्लू, प्रायमर यासाठी 1, कार्डावर 8. या हिशोबाने कार्ड व्याजासकट साधारण चार-पाच महिन्यांत संपतं, चार बॉक्सचे पैसे त्यात टाकले तर अजून आधी. मग पुढे महिन्याला 6 अडीअडचणीच्या फंडात, तीन महिन्यांचा खर्च साठेपर्यंत, त्याला बराच वेळ लागेल, लागू दे. उरलेले 3 हॉबीचे, ते वेगळ्या खात्यात टाका आणि त्या खात्यात असेल तेवढ्याचंच घ्या, कार्डाने नाही. आणि एकच नियम पाळा, जेवढ्या मिनी रंगवून झाल्या तेवढ्याच नवीन आणायच्या. महिन्याला 4 हा तुमचा वेग आहे, बजेट त्या वेगावर बसवा.

रंगांचे पैसे खरं तर 1 पण लागू नयेत. एक वेट पॅलेट घरीच करा, झाकणाच्या चपट्या डब्यात ओला स्पंज आणि वर बेकिंग पेपर, झाकण लावलं की काढलेला रंग दुसऱ्या दिवशीही ओला सापडतो, नाहीतर प्लेटवर अर्धा रंग वाळून जातो. जुन्या मिनी ज्यांच्यावर रंगाचे थर बसलेत त्या प्लास्टिक किंवा मेटलच्या असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवा आणि मऊ टूथब्रशने घासा, डिटेल पुन्हा वर येतात आणि तुम्हाला "नवीन" मिनी मिळते. रेझिनच्या मिनीवर हे करू नका, मऊ पडायची भीती असते. टेरेन (टेबलावर मांडायची घरं, टेकड्या) तर पुठ्ठा आणि फोमचं करा, त्याला कोण विचारतंय.

आणि खेळच थोडा लहान करता आला तर बघा, मला वाटतं पैसे सगळ्यात जास्त इथेच वाचतात. 2000 पॉइंटची (प्रत्येक युनिटचे पॉइंट ठरलेले असतात) मोठी आर्मी हीच खरी असं कुणी ठरवलंय? किल टीम या 40K च्याच छोट्या खेळाला मूठभर मिनी पुरतात. फ्रॉस्टग्रेव्ह या वेगळ्या खेळात तर जादूगार, त्याचा चेला आणि सैनिक मिळून 10 च, आणि कुठल्याही कंपनीच्या चालतात. वन पेज रूल्स या दुसऱ्या कंपनीचे मूळ नियम फुकट आहेत आणि त्यांच्या ग्रिमडार्क फ्यूचर या खेळात तुमच्या आहेत त्याच मिनी जशाच्या तशा उतरवता येतात. दर एडिशनला नवीन कोडेक्स (एकेका आर्मीच्या नियमांचं पुस्तक) घ्यायची धावपळ पण संपते, 2023 ला जुने कोडेक्स एका झटक्यात बाद झाले तेव्हा किती लोकांची पुस्तकं नुसती शेल्फवर राहिली.

शेवटचं तुम्ही विचारलंय की पुढच्या एडिशनचा लाँच बॉक्स मित्राबरोबर अर्धा-अर्धा घ्यावा का. त्यात दोन आर्म्या येतात, त्यामुळे कल्पना वाईट नाही, एका बाजूच्या मिनी एरवीपेक्षा बऱ्याच स्वस्त पडतात. पण तोपर्यंत कार्ड शून्यावर आलेलं असेल, हॉबीच्या खात्यात तुमच्या अर्ध्या भागाचे पैसे असतील आणि मित्राने त्याचे पैसे ऑर्डरच्या आधी दिलेले असतील, तरच. "तू भर, मी देतो नंतर" असं म्हणाला तर या वेळी सरळ नाही म्हणा.